प पतंगाचा

दिब्बा गाव एकच, पण तीन झेंड्यांत वाटलेलं.
मासे उतरतात एका अमिरातीत, विकतात दुसरीत,
आणि डोंगराच्या पायथ्याशी ओमान,
तिथे पासपोर्ट दाखवायचा.
अशा गावात सप्टेंबरच्या घामट दुपारी
आला हेनिंग प्राल, वय पस्तीस, डावा बॅक,
दोन बॅगा, आणि गुडघ्यावर धरायची
जुनी तपकिरी रबरी बर्फाची पिशवी.

मी इथला किटवाला. सुर्वे, मुक्काम पोस्ट दाभोळ.
त्याच्या जिभेवर स चा झ व्हायचा.
झुर्वे, मोजे. झुर्वे, टेप. झुर्वे, गुटन मॉर्गन.
झुरणे म्हणजे काय, हे मी
त्याला कधीच सांगितलं नाही.

जर्सीवर नावं छापतो फतही, मूळचा दमनहूरचा.
अरबीत प नाही.
फोनवर मी ओरडून ओरडून सांगितलं,
त्याने ऐकलं तसं छापलं:
BRAHL.
मी म्हटलं, परत पाठवतो.
हेनिंग आरशात पाठ बघत म्हणाला, राहू दे,
लारिसात तर आडनावच गाळलं होतं.

क्लबांची नावं तो सांगायचा
दापोली गाडीच्या कंडक्टरसारखी, न थांबता:
मेपेन, आउए, पुन्हा मेपेन,
लारिसा, सायप्रसमधलं एक गाव
जिथे पगाराऐवजी ऑलिव्ह तेल मिळालं,
चीनमधलं एक शहर, मुंबईएवढं,
ज्याचं नाव त्याला कधीच नीट म्हणता आलं नाही.
आणि पहिल्या डिव्हिजनमध्ये?
एकदाच. एकविसाव्या वर्षी. अकरा मिनिटं.
चेंडू किती वेळा लागला पायाला?
चार, तो म्हणाला. मग बोटं मोजून,
थ्रो-इन धरला तर पाच.

मॅचला माणसं साठेक.
मगरिबची अजान झाली की निम्मी उठायची,
काही परत यायची, काही नाही.
तो मात्र डाव्या कडेने वर, खाली, वर,
जसं कुणीतरी चाबी दिलेली.
पास मागायला हात वर करायचा,
पास यायचा नाही,
हात थोडा वेळ तसाच राहायचा.
मॅचनंतर सगळे जर्सी उलट्या, घामाचा गोळा करून फेकतात.
हा सरळ करून, बाह्या बाहेर काढून टोपलीत ठेवायचा.
एकोणीस वर्षांत असा हा एकच.

जानेवारीत मॅनेजरने बोलावलं. सात मिनिटं लागली.
तो तिथून थेट माझ्या खोलीत आला,
गरम ड्रायरला पाठ लावून बसला.
मी चहा केला. त्याने दोन कप प्यायला.
तीन महिन्यांचा पगार बाकी होता, तो म्हणाला नाही,
ऑफिसमधला बाबू म्हणाला.
टॅक्सीसाठी नोव्हेंबरमध्ये घेतलेले
माझे चाळीस दिरहमही बाकी होते,
तेही कुणी काढले नाहीत.
आता कुठे, विचारलं.
एजंट बघतोय. कदाचित माल्टा.
माल्टा कुठे आहे? त्याने ड्रायरच्या काचेवर वाफेत
बोटाने एक ठिपका काढला.

पहाटे क्लबची मिनीबस त्याला घेऊन गेली.
फ्रीजरमध्ये रबरी पिशवी राहिली.
विसरला की ठेवली, कोण जाणे.
इस्त्री करून दुखणाऱ्या खांद्यावर मी ती धरतो,
रबराचा वास येतो,
आणि त्यात कुठलंतरी मलम, जर्मन असावं.

फेब्रुवारीत नवा आला, घानाचा, क्वाबेना,
बावीस वर्षांचा, तीच जर्सी, तोच तीन नंबर.
नव्या जर्सीचे पैसे नाहीत म्हणे.
मी इस्त्री तापवून अक्षरं उचकटली,
एकेक, साल काढावी तशी.
निघाली सगळी. पण पाच महिन्यांच्या उन्हाने
कापड विटलं होतं,
अक्षरांच्या जागी तेवढं गडद राहिलं.
क्वाबेनाने कापड उजेडाकडे धरलं.
कोण हा ब्राल?

मी इस्त्री बाजूला ठेवली.
ब नाही, म्हटलं. प.
पतंगाचा प. म्हण.
त्याला पतंग कळला नाही,
पण प म्हणाला, पहिल्या फटक्यात, स्वच्छ.