हातचा

मंगळवारी संध्याकाळी सहाला, ग्रिम्स्बीच्या वाचनालयात
पाच संगणक, चार खुर्च्या, एक स्टूल.
स्टुलावर मी.
बाहेर धुरी दिलेल्या हॅडकचा वास
आणि खिडकीच्या कठड्यावर एक सीगल,
नाव न नोंदवता आलेला.

ह्याला सेल म्हणायचं, मी सांगते,
आणि मनातल्या मनात म्हणते, घर.
चौकटीच्या वहीत आमच्या प्रत्येक आकड्याला घर असायचं,
एकं दहं शतं,
घर चुकलं की बाई कान धरायच्या.
इथे कान कुणाचा धरणार?
ग्लेनिस ओस्गर्बी एकाहत्तर वर्षांची आहे.

चाळीस वर्षं तिनं माशांच्या लिलावात वजनं लिहिली.
माउस असा आवळून धरते,
जसा काही बर्फातून निसटून खाली पडेल.
टेकव नुसता, मी म्हणते. मेलेला आहे तो.
हसते. मग टेकवते.

टेरेन्स बोटींवर नावं रंगवायचा.
शून्याच्या जागी तो ओ हे अक्षर टाइप करतो;
त्याच्या ब्रशाला दोन्ही सारखेच,
एकदाच फिरवायचा आणि उचलायचा.
बेरीज मात्र त्या गोलाकडे ढुंकून बघत नाही.

विओलेता कारखान्यातून तशीच आलेली,
जाळीच्या टोपीची रेघ अजून कपाळावर.
तिला फक्त जादा तास मांडायचेत.
पगाराच्या चिठ्ठीशेजारी ठेवून बघायचंय, म्हणते,
आणि पुढे काही बोलत नाही.
तिच्या रकान्यात अचानक नुसत्या जाळ्याच जाळ्या.
आकडा गेला?
गेला नाही, जागा पुरत नाहीये त्याला.
दोन रकान्यांमधल्या रेघेवर दोनदा टिचकी मार.
मारते. आकडा पाय पसरून बसतो.

(पहिल्या वर्षी इथल्या फॉर्मांवर
मी खांडेपारकर नव्हते, खांडेपारक होते.
शेवटचा र चौकोनांबाहेर, थंडीत उभा.
त्या रेघेवर टिचकी कुठे मारायची
हे मला कुणी सांगितलं नाही.)

मग बेरीज.
ग्लेनिसच्या भाजीमळ्यांच्या मंडळाचा हिशेब मी भिंतीवर पाडला:
बियाणं, कुलूप, पाण्याचं बिल, रबरी नळी.
बरोबरचं चिन्ह, कंस, इथून इथपर्यंत ओढा, कंस बंद, एंटर.
दोनशे शहाऐंशी पौंड चाळीस पेन्स.
बघा, मी म्हटलं, डोळ्याचं पातं लवायच्या आत.
जरा जास्तच ऐटीत म्हटलं.

ग्लेनिस भिंतीकडे बघत नव्हती.
पाकिटाच्या पाठीवर पेन्सिल, ओठ हलताहेत,
आकड्यांच्या डोक्यावर बारीक बारीक एक.
दोनशे अठ्ठ्याण्णव नव्वद, ती म्हणाली.
मी प्रेमानं समजावलं, यंत्र चुकत नाही.
यंत्र नाहीच चुकलं, पोरी.
तू तेराव्या ओळीवर थांबलीस.
चौदावीत नळाची दुरुस्ती आहे,
साडेबारा पौंड.
प्लंबर माझा भाचा आहे. विसरू देणार नाही तो.

टेरेन्स खोकला. खोकला नव्हता तो.

मी सूत्र दुरुस्त केलं. कान गरम झाले होते,
कुणीही धरलेले नसताना.
मग विचारलं, हे डोक्यावरचे बारीक एक,
ह्यांना तुम्ही काय म्हणता?
उचलून पुढे न्यायचा, ती म्हणाली. आणि तुम्ही?
हातचा, मी म्हटलं. हातात राहिलेला.
तिनं तळहात उलटा करून पाहिला,
खारानं भेगाळलेला, रिकामा,
आणि मान डोलावली, जणू वजन बरोबर भरलं.

आठला दिवे एकदा मिचकावले.
फाइलींना नावं द्या, मी म्हटलं, नाही तर सगळं जाईल.
विओलेतानं तिच्या भाषेत काहीतरी लिहिलं
आणि मी डोकावले तशी
हातानं पडदा झाकला.

पुढच्या मंगळवारचा धडा: मध्ये नवी ओळ घालणे.
फळ्यावर तेवढंच लिहून निघाले होते,
दारातून परत आले.
खाली लिहिलं,
येताना पेन्सिली आणा.