चार तारांचे चारशे

बस, इंद्रजित. जपून, त्या स्टुलाला तीनच पाय आहेत.
लेथ बंद करतो, मग बोलू.

तुझ्या मोबाईलमधला बेस बघितला.
पाच तारा, निळा रंग, चाळीस हजार.
असंल चांगला.
पण पाचवी तार वाजवणार कुठं, सांग की.
कुणाच्या हळदीत? का फुलेवाडीच्या मंडळाच्या वर्धापनदिनाला,
जिथं मिक्सरवाला तुझं बटण
शून्याच्या अजून खाली जातंय का बघत असतोय?

आधी वायर घे. चांगली.
दोन घे.
बेस मरत नाही, वायर मरते,
आणि नेमकी नवरा-नवरी स्टेज चढताना मरते.

पट्टा रुंद पाहिजे, म्हशीच्या कातड्याचा.
चप्पल लाइनीत कुणालाबी सांग,
खांद्यापासनं कमरेपर्यंत माप दे.
हसतील, पण शिवून देतील.
साडेचार किलोचं लाकूड पाच तास गळ्यात,
ही पण कुस्तीच आहे,
फक्त हिच्यात पाठ टेकत नाही, मोडते.

तारा उगं बदलत बसू नकोस.
पातेल्यात उकळ दहा मिनिटं, सोडा टाकून.
पातेलं मात्र वेगळं ठेव.
आमच्यात एकदा त्यातच पांढरा रस्सा झाला,
दोन दिवस शोभा माझ्याशी
फक्त गॅसच्या नंबराबद्दल बोलली.

अॅम्प किती मोठा, ते मला विचारू नकोस.
जिना कोण चढवणार ते विचार.
गाणारा आपला घसा तेवढा उचलतो.

आणि अर्थिंग बघ. जनरेटरला ते नसतंयच.
गडहिंग्लजला बोटं तारेवर, ओठ माइकला लागले,
कोरसच्या मधी मी ओरडलो, ‘आई गं!’
वन्समोअर मिळाला.

पैशाचं ऐक.
उमाकांत वाटणी करायचा टेम्पोच्या फाळक्यावर.
‘गिटारला सहा तारा, सहाशे.
तुझ्या चार. चारशे.’
सगळे हसले. मीबी हसलो.
पुढं आकडे वाढले, गणित तेच राहिलं.

जयसिंगपुरात एकदा फ्यूज उडाला,
गाणं चालू असताना.
मी वाजवत राहिलो. बोटं चालू, आवाज नाही.
उमाकांतला कळलं नाही,
कीबोर्डवरच्या सॅम्युएलला नाही,
समोर खुर्च्या धरून बसलेल्या हजारभर माणसांना तर नाहीच.
दस्तगीरनं तेवढी ड्रमवरनं मान वर केली
आणि त्याचा उजवा पाय जड झाला.
जिथं माझा सूर पडायचा
तिथं तो किक मारायला लागला,
माझ्या वाटणीचीसुद्धा.
तीन गाणी त्यानं मला असं पाठुंगळी नेलं.

नंतर चहाला आम्ही त्यावर बोललो नाही.
खिशातनं एक फ्यूज काढून माझ्या बशीत ठेवला.
त्याच्या रिक्षाचा.
बसला, फिट.
अजून तोच आहे.

म्हणून म्हणतोय, आधी असला ड्रमवाला हुडक.
बेस काय, कधीबी मिळतोय.

हा माझा.
रंग गेलाय, जिथं मनगट घासतं तिथं लाकूड दिसतंय.
ब्रिज मूळचा नाही, पितळंचा आहे,
ह्याच लेथवर केला, रात्रपाळीत, साहेबाला न सांगता.
दस्तगीर गेला त्या महिन्यात
घरी झोप लागत नव्हती.
वजन वाढलं, पण सूर जरा जास्त थांबतो.

बारा हजार दे.
अकरा दे, तिसरी खुंटी सैल आहे.
वायर अशीच घेऊन जा.
पट्टा नाही मिळायचा.

वाजव की.
अॅम्प नको लावू.
हनुवटी टेकव त्या वरच्या शिंगावर, हां, अशी,
आणि आता सगळ्यात जाड तार सोड.
येतंय? दातात?
शेजारच्या मंडळाचा डीजे सुरू झाला
की आम्ही असंच ऐकायचो.