आठवा शब्द

पथारीवर मिरची पसरली की
नंदुरबारात सर्व्हरच्या खोलीतही ठसका.
भाव एकच, पण
काट्याला नुसता आकडा हवा,
सुरतेच्या व्यापाऱ्याला अख्खा तक्ता,
कोणी ‘शे’ म्हणे, कोणी ‘छे’.
प्रत्येकासाठी एक नवं जर, एक नवं तर,
शेवटी माझाच प्रोग्राम मला ओळखेना.

मग भाषा केली, मुठीत मावेल एवढी:
माप, ओली, सुकी, भाव, जर, नाहीतर, बस.
सर्व्हर म्हणजे वाढपीच ना,
ताट ज्याचं त्यानं मांडावं.

मंगळवारी जमनाबाई वळवींच्या
बटणांच्या फोनवरून आलं:
जर सुकी, भाव. नाहीतर गप.

‘गप’ माझ्या भाषेत नव्हता.
सर्व्हर अडला, लाल अक्षरांत कुरकुरला.
फोन केला तर म्हणाल्या,
ओलीचा भाव कळला
की घरात कोणीतरी विकायला उठतो.
वाळेपर्यंत सांगू नको.

रात्री दीडला आठवा शब्द घातला.
आता रोज सकाळी दहाला
त्यांच्या फोनकडे काहीच जात नाही,
आणि ते बरोबर पोचतं.