आठ हजार नऊशे पंधरा

वाळपईला उतरले तेव्हा अकरा वाजत आले होते.
काजू खरेदी केंद्राच्या दारात बारदानांची रांग,
बारदानांवर बसलेली माणसं,
आणि आत सुलक्षा गांवस
एकच बटण दाबत होती.

'नोंद समाविष्ट करता आली नाही.'
ठीक आहे.
'नोंद समाविष्ट करता आली नाही.'
ठीक आहे.

त्या 'ठीक आहे'वर टिचकी मारल्याशिवाय
चौकट हलत नाही.
नकाराला हो म्हणायला लावणारी ही चौकट
मीच लिहिली होती,
सहा वर्षांपूर्वी, फोंड्यात, घाईत.

आधी सगळे पाहतात ते पाहिलं.
डिस्कवर जागा आहे. परवानगी आहे.
वजनाच्या रकान्यात आकडाच आहे.
चंद्रावती झर्मेकार हे नाव
पन्नास अक्षरांत ऐसपैस मावतं.
तिचं खातं आहे, गाव आहे, बागेचा सर्व्हे नंबर आहे.

चंद्रावती स्वतः काट्याशेजारी उभी,
एकसष्ट किलो चारशे ग्रॅम,
बोटांवर काजूच्या चिकाचे काळे डाग.
'गो बाय, हांव आसां मगो तुज्या त्या पेटयेंत?'
म्हटलं, आहेस.
फक्त आज आलेली दिसत नाहीस.

मॅनेजर बाबुसो मणेरीकर सांगतात,
शनिवारी समोरच्या माडावर वीज पडली, यंत्र गेलं.
त्यांच्या भाच्याने कुठली तरी जुनी प्रत चढवली,
पुढच्या पावत्या वहीवरून भरल्या, नंबरांसकट.
'तेव्हापासून हे.'
मग आवाज उतरवून,
'राखणदाराला रोट द्यायचा राहिला औंदा.'
मी मान हलवली.
रोटासाठी रकाना ठेवला नव्हता.

जेवणाच्या वेळेला दिसलं.
पावत्या परत आल्या होत्या
आठ हजार नऊशे चौदापर्यंत.
नंबर वाटणारा मात्र
मार्चमधल्या कुठल्याशा दुपारीच राहिला होता,
आणि आठ हजार सातशे तीनपासून
जुनेच नंबर नव्याने वाटत सुटला होता.
तक्ता बिचारा खरं तेच सांगत होता:
इथे जागा नाही,
इथे कोदाळचा रघुवीर आहे,
बेचाळीस किलो, पैसे घेऊन गेलेला.
आणि माझी चौकट
त्या सगळ्याचं एकच वाक्य करत होती.

नंबर वाटणाऱ्याची एक खोड असते.
दिलेला नंबर तक्त्याने नाकारला
तरी तो परत घेत नाही,
पुढचा काढतो.
म्हणजे सुलक्षाची प्रत्येक टिचकी
वाया गेलेली नव्हती.
कालपासून किती वेळा दाबलंस, विचारलं.
'कोणें मेजलां?'

मेजलं होतं.
आठ हजार नऊशे तीन.
अकरा नकार उरले होते.

एका ओळीचं काम.
ओळ लिहिलीही. बोट कळीवर होतं.
सुलक्षाकडे पाहिलं: डोळे तांबारलेले,
उजव्या मनगटाला फडका बांधलेला.
ओळ पुसली.
म्हटलं, दाब.
'परत?'
दाब.

ठीक आहे. ठीक आहे.
पाचव्याला बाहेर कुणीतरी खोकलं.
आठव्याला मणेरीकर उठून गेले.
बाराव्याला प्रिंटर करकरला
आणि कागदाची जीभ बाहेर आली.

सुलक्षा काही बोलली नाही.
पावती फाडली, शिक्का मारला,
'फुडें कोण?'
चंद्रावतीने पावती पदराच्या गाठीत बांधली,
जणू ती सकाळीच मिळाली होती.
मणेरीकर दारातून म्हणाले,
'रोट सोमवारी देवूया.'

बिलात काय केलं म्हणून लिहू
ते ठरेना, कोरंच ठेवलं.
चौकटीतलं वाक्य तेवढं बदलून आले:
'हा नंबर आधीच दुसऱ्या कुणाचा तरी आहे.'
त्याखाली जिथे 'ठीक आहे' होतं
तिथे काय लिहावं,
बस होंड्याला पोहोचली तरी
सुचलं नव्हतं.