चौथा स्क्रू

हर्षल नाखव्याने दांडा बाकावर आडवा ठेवला
तेव्हा त्यातून अजून पाणी गळत होतं,
बधवार पार्कच्या मागचं,
थोडं डिझेल, थोडं गटार, बाकी सगळं मीठ.

"शेठ यावर उभा राहून पाण्याच्या हातभर वर उडतो,
आवाजसुद्धा होत नाय.
पण खालचा पंख सुटेना, परकारचाचा.
तीन निघाले. चौथा जाम."

दारूखान्यात चाळीस वर्षं
मी न सुटणाऱ्या गोष्टी सोडवतोय.
जहाजांचे बोल्ट, मनगटाएवढे,
तापवून, ठोकून, शिव्या घालून.
हा तर करंगळीच्या नखाएवढा.
याला शिवी घालायचीही लाज वाटली.

भिंग लावलं.
दांडा अ‍ॅल्युमिनियमचा, स्क्रू स्टीलचा,
आणि मधल्या फटीत पांढरी भुकटी,
कॅरमच्या पावडरीइतकी मऊ.
गंज म्हटलं की माणसाला तांबडं आठवतं.
हा पांढरा गंज फुगतो,
जागा नसते तिथे जागा मागतो
आणि आटे धरून बसतो.

पोराला सांगितलं,
दोन जातींचे धातू खाऱ्या पाण्यात अंगाला अंग लावून राहिले
की त्यांची बॅटरी होते.
स्टीलला फारसं काही होत नाही.
दुसरा झिजतो.
"आमच्या घरासारखं," तो म्हणाला.
यात स्टील कोण, ते मी विचारलं नाही.

रात्रभर तेल पाजलं.
सकाळी शमसुद्दीनच्या टपरीवरून
किटलीभर उकळतं पाणी मागवलं, चहाशिवाय.
तापलं की अ‍ॅल्युमिनियम जास्त पसरतो, स्टील कमी,
केसाएवढी फट पडते.
त्या केसावर भरवसा ठेवून
पाव आटा डावीकडे, परत उजवीकडे,
परत डावीकडे.
बाहेर ट्रक मागे घेणारा ओरडत होता, आने दो, आने दो.
टिक्.
एवढाच आवाज. मनगटाला कळला, कानाला नाही.

चारही स्क्रू फडक्यावर मांडले.
तिघांच्या आट्यांत जुनं ग्रीस, काळपट, जिवंत.
चौथा कोरडा.
कुणी बसवला हा, म्हणत मी वही काढली.
अठ्ठावीस ऑगस्ट. नाखवा. पंख, चार स्क्रू, ग्रीससह.
अक्षर माझंच.

त्या दुपारी जेजेतून फोन आला होता,
जैबुनचा रिपोर्ट.
हात पुसून मी उठलो, तेव्हा तीन झाले होते.
परत येऊन बसलो तेव्हा
माझ्या हिशेबात चार होते.

मग खाल्लेले आटे तासून काढले,
त्यात तारेचे नवे आटे बसवले.
गोड्या पाण्याने धुतलं, हवा मारली, सुकवलं.
ग्रीस. एक. दोन. तीन.
चौथा मोठ्याने मोजला. पोरगा माझ्याकडे बघत राहिला.
सांगितलं, जहाजाला जस्ताचा तुकडा ठोकतात,
समुद्राने लोखंड सोडून तो खावा म्हणून.
याला तशी जागा नाही.
तेव्हा उतरलास की सुटं कर, धू, सुकव, परत ग्रीस लाव.
रोज.
कंटाळा आला तरी.

"किती झाले?"
काही नाही म्हटलं. चूक माझी होती.
"शेठला काय कळतंय, घ्या तुम्ही."
दांडा खांद्यावर टाकून गेला,
या वेळी ठिबकत नव्हता.

वही अजून उघडीच आहे.
तो ऑगस्ट, आणि जैबुन घरी येईपर्यंतचा सप्टेंबर.
उत्तनच्या बोटीचा पंप, बुद्रुक.
मशिदीतला पंखा.
एका पारशी बाईंची व्हीलचेअर, चार चाकं,
समोर माझी बरोबरची खूण.
व्हीलचेअरवाल्या बाईंना पहिला फोन लावला आहे.
वाजतोय.