उणे बारा

पुरसो पाडेली दोन पोफळींच्या मध्ये तार ताणून
खाली उतरला, पायांतला फास सोडवला,
आणि विचारलं, "हातूंतल्यान कोण उलयता?"

मी त्याला पडदा दाखवला.
निळा धबधबा, त्यात पिवळ्या रेघा.
ही बल्गेरिया, ही जपान,
हा अझोरीसच्या कुठल्याशा बेटावरचा.
"आनी कितें म्हणटा तो?"
"उणे बारा."
"आनी तूं?"
"उणे नऊ."
पुरसो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, फोंड्याच्या बशीत तिकीट काढतानासुद्धा
माणूस ह्याहून जास्त बोलतो.

सावई-वेऱ्यात माझं औषधांचं दुकान.
रात्री फळ्या लावल्या की मी रेडिओपाशी.
चार वर्षांत चार हजार तीनशे बारा माणसं वहीत:
त्याचं नाव, त्याचा चौकोन,
मी किती क्षीण, तो किती क्षीण,
त्र्याहत्तर, म्हणजे लोभ असावा.
पंधरा सेकंद त्याचे, पंधरा माझे,
दीड मिनिटात ओळख होऊन संपलेली.
कधी तर मी खोलीतही नसते.
माझं यंत्र त्याच्या यंत्राला नमस्कार करतं,
मी आत आमटी उतू जाते का ते बघते.

नावं ठेवत नाही मी ह्या पद्धतीला.
कुजबुजीच्याही तळाशी गेलेला आवाज
ती ओढून काढते, खोल बावीतून घागर काढावी तसा.
पण घागर वर आल्यावर
कोणी पाणी तरी प्यावं.

अझोरीसवाला वहीत अकरा वेळा.
अकरा वेळा आम्ही एकमेकांना कळवलं की
ऐकू येतंय.

बाराव्यांदा तो दिसला तेव्हा
यंत्राचा हात बाजूला सारला.
मोकळ्या मजकुराला तिथे तेराच अक्षरं मिळतात.
तेरात बसवलं कसंबसं: खाली सरका, बोलू.
आणि स्वतः चार किलोहर्ट्झ खाली जाऊन बसले,
जुन्या, टाइप करायच्या जागी,
जिथे हल्ली कुणी फिरकत नाही.

दहा मिनिटं नुसता निळा धबधबा.
मग एक बारीक रेघ.

लिहिलं: इथे रात्र आहे. अंगणात सुपारी वाळतेय.
तुमच्या खिडकीतून काय दिसतं?
एकेक अक्षर टपटपत आलं.
ढग. गाय. समुद्र आहे, पण ढगामागे.
माझ्या बायकोची
इथे सिग्नल बुडाला. टक्के, कंस, उलटसुलट टिंबं,
आणि मग स्वच्छ:
काल गेली.

आई? बहीण?
बोटं कळांवर तशीच.
उणे बारामध्ये ही भीती कधी नव्हती.
वाचता आलं नाही, पुन्हा सांगाल?
चार हजार तीनशे बारांपैकी
एकालाही मी हे विचारलं नव्हतं.

को%बडी.
को बड
कोंबडी. तांबडी. सात वर्षांची.
सकाळपासून घरात कोणी बोललेलं नाही.
म्हणून इकडे येऊन बसलो.

मी हसले, आणि मग नाही हसले.
एका न पाहिलेल्या कोंबडीसाठी
दोन बोटांनी, चुका करत, सांत्वन टाइप केलं.
चाळीस मिनिटं झाली.
कोण किती क्षीण, ते दोघांनीही विचारलं नाही.

सकाळी पुरसोला सांगितलं.
तो हसला नाही. कोयता कमरेला अडकवत म्हणाला,
"आनी कितल्यो उरल्यो?"

हे विचारायचं राहिलंच.
आज साडेनऊला,
तिथेच, थोडं खाली.
आणखी कोणी वरच्या गर्दीत असाल
तर तुम्हीही सरका.
हळू टाइप केलेलं चालतं.