मे महिन्यात सोनेगाव वर जातं

नकाशावर हा रनवे
समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर.
पण दुपारी अडीचला, पारा शेहेचाळीस,
हवा इतकी पातळ होते
की पंखांना धरायला काही राहत नाही,
आणि विमानाच्या लेखी सोनेगाव
पाच हजार फुटांवर गेलेलं असतं,
चिखलदऱ्याच्याही वर.
धुकं नाही, गारवा नाही,
डांबर बुटाला चिकटतंय
आणि आम्ही डोंगरमाथ्यावर.

याला घनता-उंची म्हणतात, मी बाबांना सांगितलं.
"गाव जाग्यावर अन् उंची वाढली?
काय सांगून राहिली वं?"

बाबा इतवारीत मापाडी होते.
तूर, जवस, लाखोळी.
काटा थरथरायचा थांबेस्तोवर श्वास रोखून धरायचे,
मग पोत्यावर कोळशानं आकडा,
आणि तो आकडा मे महिन्यातही तोच.

मी लोडशीट भरते.
मोठा माणूस पंचाहत्तर किलो,
मांडीवरचं बाळ दहा.
आम्ही कुणालाच तोलत नाही.
लग्नाहून परतणारी, दागिन्यांनी वाकलेली बाई पंचाहत्तर,
मनगटावर दवाखान्याची पट्टी असलेला तो पोरगाही.
बाबा आता एक्केचाळीस भरतात.
माझ्या कागदावर पंचाहत्तर.

पुस्तकात एक प्रमाण वातावरण असतं,
समुद्रकाठी कायम पंधरा अंश,
स्थळ बघायला आलेल्या मुलासारखं शहाणं.
तसं ते कुठंच नसतं.
तरी आपण त्याच्यापासून किती ढळलो
एवढंच सगळे मोजत बसतात.

आज पारा आणखी एकानं चढला.
कॅप्टन बुटालिया म्हणाले, दोनशे किलो उतरवा.
मागच्या कप्प्यातून अकरा डाग निघाले,
गुरुत्वमध्य पुढे सरकला,
मग तिघांना उठवून शेपटाकडे बसवलं.
अकरातली एक पेटी, हार्मोनियमची,
रूपराव ढोबळेंची.
"माझीच कायले?"
जी, हवा कमी आहे.
त्यांनी शिडीवरून वर पाहिलं,
मग चौफेर, थेट वर्धा रोडपर्यंत.
"एवढी तं आहे नं बाप्पा."

विमान धावलं. धावतच राहिलं.
मृगजळात चाकं बुडाली,
पट्टीचे पांढरे आकडे मागे गेले,
तरी नाक उचलेना.
मी श्वास रोखून धरलाय
हे मला नंतर कळलं,
काटा स्थिर झाल्यावर.

रात्री अकराला पारा चौतीस.
सोनेगाव हजार-दीड हजार फूट
खाली उतरलेलं, कुणाला न सांगता.
रात्रीच्या विमानात जागा निघाली.
टॅग बदलताना पेटीला हात लागला.
लाकूड अजून गरम होतं.
आत कुठला तरी एक सूर
अर्धवट दबलेला, हलवली की
बारीक कण्हायचा.
मी वजन लिहिलं, अकरा किलो.
हे मात्र तोलून.